स्टेडियम बदला, मैदान नको!

स्वारगेटच्या सिग्नलला अडकलात की मोबाइलमधून डोकं काढा आणि सारसबागेच्या बाजूला एक नजर टाका. ते जुनं काँक्रीटचं स्टेडियम दिसतंय ना? पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. जन्मसाल 1969, म्हणजे तुमच्या बॉसपेक्षाही सीनियर! आपण रोज त्याला वळसा घालून ऑफिसला जातो आणि तो फक्त पार्किंगसाठी आठवणारा लँडमार्क होऊन बसलाय.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये परवा यावरूनच जुंपली. टेस्टिंगवाला म्हणाला, ‘‘पाडून टाका ना यार, मस्त मल्टिप्लेक्स बांधा.’’ तेवढ्यात आमच्या अकाउंट्समधल्या सरांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘अरे बाळा, तिथे वेस्ट इंडीज 93 वर ऑलआउट झालीय. माहितेय का तुला?’’

त्याला माहीत नव्हतं. त्याच्या वयाच्या बऱ्याच जणांना नसतं. तारीख 29 फेब्रुवारी 1996, वर्ल्ड कपची मॅच. केनियाने केल्या जेमतेम 166 आणि समोर होते लारा, रिचर्डसन, अँब्रोज, वॉल्श. तरीही केनिया 73 धावांनी जिंकली. वर्ल्ड कपच्या इतिहासातला हा एक जबरदस्त उलटफेर आपल्या स्वारगेटला झाला, राव! त्याआधी 1984 मध्ये इथेच वेंगसरकरची सेंच्युरी आणि तिला गॅटिंगच्या सेंच्युरीचं उत्तर मिळालं होतं. 2005 मध्ये श्रीलंकेविरुद्धची वनडे झाली आणि त्यानंतर मोठं क्रिकेट इथून गेलं. 2012 पासून त्याचा पत्ता आहे गहुंजे. स्टेडियम झकास, पण मॅच संपल्यावर घरी पोचेपर्यंत दुसऱ्या दिवशीचा स्टँडअप कॉल सुरू व्हायची वेळ!

बरं, मोठं क्रिकेट गेलं म्हणून नेहरू स्टेडियम रिकामं पडलं का? मुळीच नाही. पहाटे क्रिकेटची किट खांद्याला लावून येणारी पोरं बघा. बाहेरच्या गाळ्यांमध्ये बॅटची ग्रिप बदलायला उभे असलेले बाबालोक बघा. शेजारी सारसबाग, सणस मैदान. 2024 पासून तर जमिनीखालून मेट्रोही स्वारगेटपर्यंत आलीय. पिंपरीत गाडी पकडा, थेट इथे उतरा. एसटी आणि पीएमपीचं तर हे आधीपासूनच माहेरघर. थोडक्यात, शहरातली इतकी मोक्याची जागा आणि तिच्या मधोमध थकलेली वास्तू.

म्हणून माझं मत सरळ आहे. या स्टेडियमचं नूतनीकरण व्हायलाच हवं आणि त्याला आपण पाठिंबाही द्यायला हवा. पण डोळे मिटून नाही. पाठिंब्याला अटी हव्यात.

बाहेरची दोन उदाहरणं देतो. अमेरिकेत सिएटलमध्ये 1962 च्या वर्ल्ड फेअरसाठी बांधलेलं एक अरीना होतं. ते जुनं झालं तेव्हा लोकांना प्रिय असलेलं त्याचं छप्पर त्यांनी पाडलं नाही. सुमारे 2 कोटी किलोचं ते छप्पर अधांतरी टेकू देऊन धरलं, खाली खोदकाम केलं आणि 2021 मध्ये आतून अख्खं नवं अरीना उघडलं. आइस हॉकीचं तिकीट काढलं की सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास त्यातच! गाड्यांची गर्दी कमी करायची याहून सोपी युक्ती कुठली?

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या नसाउ काउंटीचं. तिथे नव्या अरीनासाठी 40 कोटी डॉलर कर्ज काढायचं की नाही, हे 2011 मध्ये थेट मतदारांना विचारलं. मतदार म्हणाले, नको! पुढे 2015 मध्ये तिथली हॉकी टीम ब्रुकलिनला गेली. पैसे वाचले, टीम गेली. बरोबर की चूक ते सोडा, पण निर्णय लोकांचा होता.

आपल्याकडे असं मतदान होत नाही. पण अगदीच हात बांधलेत असंही नाही. विकास आराखड्यात एखाद्या जागेचा वापर बदलायचा असेल, तर एमआरटीपी कायद्याच्या कलम 37 खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत असते जास्तीत जास्त एक महिना. पेपरातली ती बारीक टाइपातली नोटीस आपण वाचतच नाही, आणि मग वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर रडतो. शिवाय पुण्यात 2006 पासून नागरिकांनी महापालिकेच्या बजेटसाठी कामं सुचवायची सोय सुरू झाली. मल्टिप्लेक्सची यादी पाठ असते, ही सोय मात्र कोणाला ठाऊक नसते.

माझ्या अटी लिहून ठेवा. एक, मैदान एका इंचानेही कमी व्हायचं नाही. दोन, सकाळची वेळ पोरांची आणि फी परवडणारी. तीन, गाळेवाल्यांना काम चालू असताना जवळच जागा आणि नंतर परत त्यांचा गाळा. चार, पार्किंगचा डोंगर नको, मेट्रो स्टेशनपासून गेटपर्यंत सावलीचा, धड चालता येईल असा रस्ता हवा. पाच, 1996 च्या त्या मॅचचा स्कोअरबोर्ड कुठेतरी दिमाखात लावा!

‘पण पैसा कुठून येणार?’ हे आमच्या टेस्टिंगवाल्याने विचारलंच. प्रश्न रास्त आहे. थोडी दुकानं, थोडं कॅफे, एखादं जिम, काही हरकत नाही. मात्र कॅफे मैदानाच्या जिवावर उभा राहावा, मैदान कॅफेच्या जिवावर नाही. एकदा का उलटा हिशेब झाला की दहा वर्षांनी उरतं ते ‘स्टेडियम मॉल’ नावाचं पार्किंग.

आपल्यातले निम्मे लोक आज टर्फवर हजार-दीड हजार मोजून तासभर क्रिकेट खेळतात. आपल्याला परवडतं. पर्वती पायथ्याच्या दहा वर्षांच्या पोराला परवडत नाही. त्याच्यासाठी हे मैदान म्हणजे अख्खं करिअर असू शकतं.

तेव्हा मंडळी, कधी तशी नोटीस पेपरात झळकलीच तर ऑफिसच्या ग्रुपवर फक्त अंगठा दाखवू नका. एक पानभर लिहा, सही करा आणि महापालिकेत नेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका!