विश्लेषण : भूल दिल्याने ज्येष्ठांची स्मरणशक्ती खरेच जाते का?

खुब्याचे हाड मोडलेल्या ऐंशीच्या घरातील रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘या वयात भूल झेपेल का?’ शस्त्रक्रियेनंतर कुणाचे आजोबा बरळू लागले, कुणाची आजी माणसे ओळखेनाशी झाली, हे ऐकलेले असते. या धास्तीने निर्णय लांबतो. ती कितपत रास्त आहे?

नेमके काय होते?

दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली ‘डिलिरियम’. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत वेळ-जागेचे भान सुटते, भास होतात, रात्री अस्वस्थता वाढते. काही रुग्ण मात्र नुसते गप्प पडून राहतात, म्हणून ते लक्षातच येत नाही. बहुतेकांत हा गोंधळ ओसरतो. दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब, औषधांच्या वेळा, वाचन यांत काही आठवडे किंवा महिने अडखळणे.

हे किती जणांना होते?

‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढील १,२१८ रुग्ण होते. हृदयाव्यतिरिक्तच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने २५.८ टक्के रुग्णांत बौद्धिक क्षमतेत घट आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण ९.९ टक्के होते. शस्त्रक्रिया न झालेल्या समवयस्कांत ते तेव्हा २.८ टक्के होते. म्हणजे धोका खरा आहे, पण बहुतेक जण सावरतात.

मग दोष भुलीचाच का?

तसे असते, तर फक्त कंबरेखालचा भाग बधिर केल्यावर हा त्रास घटायला हवा होता. अमेरिका व कॅनडात खुब्याच्या फ्रॅक्चरच्या १,६०० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. डिलिरियमचे प्रमाण पाठीत इंजेक्शन दिलेल्यांत २०.५ टक्के, तर पूर्ण भूल दिलेल्यांत १९.७ टक्के होते. म्हणजे जवळपास सारखेच. शस्त्रक्रियेमुळे शरीरात होणारा दाह, वेदना, जंतुसंसर्ग, झोपमोड, पाणी-क्षारांचे असंतुलन, झोपेची काही औषधे आणि आधीपासूनचा विसराळूपणा यांचाही यात मोठा वाटा असतो.

कुटुंबाने काय करावे?

आधीचा विसराळूपणा, झोपेच्या गोळ्या, मद्यपान, मागच्या शस्त्रक्रियेनंतर झालेला गोंधळ हे भूलतज्ज्ञांपासून लपवू नये. शस्त्रक्रियेनंतर चष्मा आणि श्रवणयंत्र लवकर परत द्यावे. जवळ ओळखीचे माणूस असावे, दिवसा उजेड आणि रात्री शांतता असावी. डॉक्टरांनी परवानगी देताच पाणी पाजावे, चालवावे. अशाच साध्या उपायांनी रुग्णालयात दाखल सत्तरीपुढील रुग्णांतील डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आल्याचे १९९९ मधील अमेरिकी अभ्यासात दिसले होते.

दुर्लक्ष कधी महागात पडते?

अचानक सुरू झालेला गोंधळ ‘वयामुळे होतेच’ म्हणून सोडू नये; त्यामागे संसर्ग किंवा तुंबलेली लघवीही असू शकते. तो लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावा. तीन महिन्यांनंतरही विसरणे कायम असेल, तर स्मृतीची तपासणी करावी.

शस्त्रक्रिया टाळण्याचीही किंमत असते. खाटेला खिळलेल्या रुग्णाला न्यूमोनिया, पायांत रक्ताच्या गुठळ्या आणि डिलिरियमही गाठू शकतो. त्यामुळेच खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करावी, असे ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था सांगते. ‘भूल द्यावी का’ यापेक्षा ‘डिलिरियम टाळण्यासाठी इथे काय करता’, हा प्रश्न रुग्णालयाला विचारणे अधिक उपयोगाचे.