पहिल्या कॅमेऱ्याचा सल्ला देताना

गणपती जवळ आले की आपल्या स्टुडिओत, क्लासमध्ये, दुकानाच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो : पहिलाच कॅमेरा घ्यायचाय, कोणता घेऊ? विचारणारा कधी कॉलेजातला विद्यार्थी असतो, कधी ढोल-ताशा पथकातला वादक, कधी नुकतेच निवृत्त झालेले गृहस्थ. दिवाळीची खरेदी आटोपेपर्यंत हा ओघ चालतो. आपण व्यवसायातली माणसे, त्यामुळे उत्तर जिभेवर तयार असते. स्वतः वापरतो त्या कंपनीचे नाव घ्यायचे आणि तिचे एखादे स्वस्त मॉडेल सुचवायचे. आमचे आग्रहाचे सांगणे असे, की मॉडेलचे नाव घेण्याआधी आपणच समोरच्याला तीन गोष्टी विचाराव्यात. फोटो कशाचे काढायचे आहेत? सगळे मिळून पैसे किती आहेत? आणि कॅमेरा जवळ बाळगणे जमणार आहे का?

पहिल्या प्रश्नाचे मोल पुण्यातच उत्तम कळते. लक्ष्मी रस्त्यावरची रात्रीची मिरवणूक घ्या. ढोलावर पडणारे टिपरू जागच्या जागी थांबवायचे तर शटर १/५०० च्या आसपास हवे, आणि उजेड तर बेताचाच. १८-५५ ची किट लेन्स ५५ वर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. त्याऐवजी ५० एमएम एफ १.८ लावली तर साधारण दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे सव्वातीन स्टॉपचा फायदा होतो. जिथे आयएसओ ६४०० लागत होता, तिथे साडेसहाशेच्या आसपास काम भागते. आता हेच एपीएस-सी सोडून फुल फ्रेमवर जाण्याशी ताडून पाहा. सेन्सरचे क्षेत्रफळ सुमारे अडीचपट होते, म्हणजे फायदा सव्वा स्टॉपचा, आणि बॉडीची किंमत मात्र कितीतरी वाढते. मिरवणूक टिपू पाहणाऱ्या नवख्याला फुल फ्रेम घ्यायला लावण्याआधी हा हिशेब आपण त्याच्यासमोर मांडायला हवा.

भिगवणचे रोहित किंवा सिंहगडाच्या दरीतला स्वर्गीय नर्तक टिपायचा असेल तर गणित उलटे फिरते. इथे लहान सेन्सर मदतीला येतो. कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर ५५-२५० ची लेन्स पुढच्या टोकाला फुल फ्रेमवरच्या ४०० एमएमइतके दृश्य दाखवते आणि गळ्यात सहज राहते. पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्याची गरज आणखी वेगळी. वारीतल्या पावसात सुरुवातीच्या बहुतेक बॉडींना पाण्यापासून संरक्षण नसते, तेव्हा त्याच्या यादीत रेन कव्हर आधी यावे.

मेगापिक्सेलची चर्चा मात्र लवकर संपवावी. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल धरले तरी २० बाय १३ इंचांची प्रिंट निघते. बालगंधर्वच्या कलादालनात १२ बाय १८ ची चौकट लावायला तेवढे पुरून उरते.

दुसरा प्रश्न पैशांचा. नवखा माणूस सगळे बजेट बॉडीवर लावतो, मग दुसरी बॅटरी, चांगले कार्ड, बॅग आणि लेन्स यांसाठी काही उरत नाही. बॉडी एक पायरी खालची घेऊन उरलेल्या पैशांत दुसरी लेन्स घ्यावी, असे आपण स्पष्ट सांगावे. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट आणले आणि तेव्हापासून नव्या लेन्सचा भर तिकडेच आहे. म्हणूनच जुने डीएसएलआर आज सेकंडहँड बाजारात परवडतात आणि शिकण्यासाठी ते उत्तम आहेत. पण त्यातल्या खाचाखोचा नवख्याला ठाऊक नसतात. निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळते, मात्र डी ३५०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसल्याने तिथे तिचा ऑटोफोकस चालत नाही. सेकंडहँड घेताना शटर काउंट पाहायचा, लेन्समधून टॉर्च मारून बुरशी तपासायची, हे शिकवणे आपले काम आहे. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरतेच. नव्या कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, त्यामुळे बिनबिलाचा माल स्वस्त वाटतो. पुढे दुरुस्ती निघाली की वॉरंटीअभावी तो महागात पडतो.

तिसरा प्रश्न वजनाचा आणि हाताळणीचा. कॅननची आर ५० बॉडी बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅमची आहे. फुल फ्रेम बॉडीवर २४-७० एफ २.८ चढवली की वजन दीड किलोच्या घरात जाते. दीड किलो घेऊन मंडईत रोज फिरणारा नवखा विरळाच. निकॉन झेड ३० हलका आहे, पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही. पर्वतीवर भर दुपारी फोटो काढणाऱ्याला ही उणीव जाणवेल, घरात व्हिडिओ करणाऱ्याला जाणवणारही नाही. म्हणून कॅमेरा हातात देऊन, डोळ्याला लावायला सांगूनच मत द्यावे.

पहिल्याच प्रश्नाला उत्तर नसेल, तर खरेदी थांबवायला सांगण्याचे धैर्यही आपल्यात हवे. तोवर खिशातला मोबाइल पुरेसा आहे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने आग्फाच्या क्लिक थ्रीवर सुरुवात केली. १२० च्या रोलवर बारा फोटो आणि ऊन की ढग अशी मोजकी निवड. त्या मर्यादेत त्यांनी प्रकाश ओळखायला शिकून घेतले. आजचा सर्वांत साधा कॅमेराही त्याहून कितीतरी समर्थ आहे. उणीव आहे ती शेजारी बसून शिकवणाऱ्याची.

यंदा दिवाळीच्या आधीचा एक रविवार प्रत्येक क्लब, क्लास आणि दुकानाने यासाठी राखून ठेवावा. आपल्या वापरातून गेलेल्या बॉडी आणि लेन्स टेबलावर मांडाव्यात, नवख्यांना त्या हाताळू द्याव्यात, जमल्यास आठवडाभर वापरायला द्याव्यात. विक्री त्या दिवशी बाजूला ठेवावी. ज्याला आपण कॅमेरा सुचवला, त्याचे पहिले शंभर फोटो त्याच्यासोबत बसून पाहावेत. सल्ल्याची जबाबदारी तिथपर्यंत घेतली, तर तो कॅमेरा कपाटात पडून राहणार नाही आणि आपल्या क्षेत्रात एक जाणता छायाचित्रकार वाढेल.