अंदाज फॉरवर्ड करणं सोपं, तपासणं कोण शिकवणार?

आभाळ भरून आलं की ऊर्जानगरपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न: उद्या शाळेला सुट्टी आहे का? नकाशात जिल्हा नारंगी की लाल, एवढंच पाहायचं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की "वेधशाळावाले खोटंच सांगते बाप्पा" म्हणून मोकळे.

मित्रांनो, अंदाज खरा ठरला की खोटा, हे ठरवायचं कसं, ते आपल्या शाळेत कोणी शिकवतं का? पर्जन्यमापक परीक्षेपुरता पाठ होतो. पाऊस मात्र कोणी मोजत नाही.

हवामान खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं, तेव्हा त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. 'मुसळधार' म्हणजे 24 तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. म्हणजे जिवतीच्या डोंगरावर धो धो कोसळला आणि ऊर्जानगर कोरडं राहिलं, तरी जिल्ह्याचा इशारा बरोबरच असतो. हे दहावी झालेल्या पोराला कळू नये?

नुसती टक्केवारीही फसवते. 1884 साली अमेरिकेत फिनली नावाच्या अधिकाऱ्याने टोर्नेडोचे अंदाज दिले आणि ते 96 टक्क्यांहून जास्त बरोबर आल्याचं सांगितलं. गिल्बर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की रोज डोळे मिटून 'टोर्नेडो येणार नाही' म्हटलं असतं, तर 98 टक्के बरोबर आलं असतं! आपल्याकडे मे महिन्यात रोज 'उद्या पाऊस नाही' सांगणाराही असाच हुशार ठरेल.

म्हणून हिशोब वेगळा ठेवावा लागतो. पाऊस सांगितला आणि आला किती वेळा? सांगितला पण आला नाही किती वेळा? आणि न सांगता आला किती वेळा? हा तिसरा रकाना जिवावर बेततो. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईवर वीज पडते ती इथंच. पर्लकोटा फुगून भामरागडचा रस्ता तुटतो, तेव्हा आधी कळलं होतं की नाही, हेही इथंच दिसतं.

"अभ्यासक्रमच संपत नाही, हे कुठून आणलं?" असं गुरुजी म्हणतील. पण लागतं काय? सरळ भिंतीची बाटली, एक पट्टी, एक वही. सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा, हवामान खात्याची वेळही तीच. संध्याकाळी उद्याचा अंदाज लिहायचा: 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पावसाची शक्यता किती टक्के? शेजारी नागपूरच्या प्रादेशिक केंद्राचा अंदाज. ज्या ज्या दिवशी पोरगी 70 टक्के लिहिते, त्यातल्या दहापैकी साधारण सात दिवशी पाऊस यायला हवा. महिनाअखेर फळ्यावर हिशोब. केरळने अनेक सरकारी शाळांत हवामान केंद्रं उभारली, आपण निदान बाटली तरी ठेवू.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पोरांचा अंदाज वहीतच राहील, इशारा सरकारचाच पाळायचा. आणि 2024 मध्ये केंद्राने देशभरातली जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली, त्यांची जागा पोरांनी भरून काढायची नाही. ती केंद्रं परत मिळालीच पाहिजेत. पण बुलेटिन वाचताच येत नसेल, तर ते मागणार कोण? दुबार पेरणीचा खर्च अंगावर आल्यावर वेधशाळेला शिव्या देऊन बियाणं परत येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षणाधिकाऱ्यांना माझी जाहीर मागणी आहे: येत्या जूनपासून प्रत्येक तालुक्यात निदान दोन शाळांत ही वही सुरू करा. आणि पालकांनो, सुट्टीचा मेसेज विचारण्याआधी एकदा शाळेत विचारा: काल पाऊस किती मिलिमीटर झाला?