कानातलं (कुड्या नव्हेत!)

मंडळी, आमच्या घरी 'कानातलं घेतलं' म्हटलं की आई आधी विचारते, किती ग्रॅमचं? हे कानातलं मात्र दोन हजारांच्या आतलं, वायरवालं. ब्लूटूथवाल्यांचं पुन्हा केव्हातरी. या किमतीत त्यांचा बराच पैसा बॅटरी आणि चिपवरच जातो.

महाग तेवढं चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. कुठला स्वर किती उठतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, आणि किंमत यांचं नातं काही जुळलं नाही. तेव्हा पारख आपल्या कानानेच करायची.

दुकानात धडाम्‌धुडूम वाजणारं गाणं लावून दाखवतात, त्यावर जाऊ नका. वर्षानुवर्षं ऐकलेलं काहीतरी लावा. माझे परीक्षक ठरलेले आहेत, पंडित भीमसेन जोशी. माणूस गदगचा, मराठी अभंग गायला तसाच कन्नड दासरपदंही गायला, त्यामुळे आम्हा सीमेवरच्या लोकांना दोन्हीकडून आपला. स्वस्त इयरफोनवाले बहुधा खालचा बास आणि वरचा ट्रेबल फुगवतात. मग अभंग लावला की पंडितजी मागच्या खोलीत आणि टाळकरी थेट कानात! गाण्यानंतर बातम्याही ऐका. 'स' आणि 'श' टोचत असतील तर तो इयरफोन तासभरही सोसवणार नाही. आणि दोन इयरफोन ताडून बघताना आवाज सारखाच मोठा ठेवा, कारण जो जरा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो.

पण खरी गंमत त्या रबरी टोपीत आहे. डब्यात लहान, मध्यम, मोठी अशा जोड्या येतात आणि बहुतेक लोक लावून आलेली मध्यमच आयुष्यभर वापरतात. टोपी कानात नीट बसली नाही की फटीतून आधी खर्ज निसटतो. तंबोऱ्याचा खर्जाचा षड्ज पातळ वाटला तर इयरफोन फेकण्याआधी टोपी बदला. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून बसवा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी त्यात वावगं काही नाही.

फिट्ट बसल्याचा एक तोटा आहे. कान बंद झाला की हाडांतून येणारे आवाज आतच घुमतात. इयरफोन घालून आपल्याकडची खडक भाकरी खाऊन बघा, खाणीत सुरुंग लावल्यासारखं वाटतं! वायर कपड्याला घासली तरी खरखर येते. ती कानामागून वळवून घेतली की कमी होते. मूनड्रॉप चू २ सारख्यांची वायर सुटी होते, तुटली तर वायरच बदलायची, हे मला आवडलं. एप्रिल-मेच्या घामात सिलिकॉनच्या टोप्या घसरतात, तेव्हा त्या रोज पुसून घ्या.

एवढा टोपीचा ध्यास कशाला? बिदरहून हुमनाबादमार्गे कलबुर्गीला बसने जाताना टोपी सैल असेल तर इंजिनाची घरघर आत येते आणि आपण आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा: मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढेच. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे मोठ्यांना ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, मशीन लावलं तरी.

माझी तेरा वर्षांची भाची क्लासला जाता-येता रोज बसमध्ये गाणी ऐकते. "मामा, मला हळू ऐकूच येत नाही," ही तिची तक्रार. तिच्या कानात मध्यम टोपी अर्धीच शिरत होती. लहान बसवली, आणि त्याच बसमध्ये तिने स्वतःहून आवाज चार घरं खाली आणला. सुट्टीत सगळे जमलो की आता घरातल्या प्रत्येकाच्या टोप्या तपासणार आहे. आईसुद्धा यूट्यूबवर कीर्तन ऐकते, तेही चांगलंच मोठ्याने.