आधी माणूस, मग वाद

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणच्या वाळवंटी दिंड्या उतरतात आणि शांतिब्रह्म एकनाथ महाराजांच्या नामाचा गजर होतो. नाथांच्या शांतीच्या कथा आम्ही बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या शांतीची सर्वांत कठीण परीक्षा परक्याने नव्हे, पोटच्या पुत्राने घेतली. हरिपंडित व्युत्पन्न शास्त्री. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि परान्न सेवन करावे, हे त्यांस रुचेना. ते काशीस निघून गेले. चरित्रकार सांगतात की, नाथ स्वतः काशीस गेले, पुत्राच्या दोन्ही अटी मान्य करून त्यास घरी घेऊन आले. पुढे सहस्रभोजनाच्या प्रसंगी हरिपंडितांचा अभिमान गळाला. यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. नाथांनी आधी मुलास घरी आणले. वाद मागाहून मिटला.

एकाच देवाच्या भक्तांत मतभेद झाले असता काय करावे, हा प्रश्न केवळ आपलाच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील क्राइस्ट चर्च आपण जातायेता पाहतो. ते ज्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’चे, त्याची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास झाली. निरनिराळ्या परंपरांचे सहा ख्रिस्ती संघ त्या दिवशी एक झाले. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. एक होण्यास एकेचाळीस वर्षे लागली!

मोठी अडचण होती बाप्तिस्म्याची, म्हणजे धर्मप्रवेशाच्या जलसंस्काराची. काही संघ तो तान्ह्या बालकांना देत. काहींच्या मते समजत्या वयात स्वमुखाने श्रद्धा प्रकट केल्यावाचून तो देणे अयोग्य. दोन्ही पक्ष धर्मग्रंथाचाच आधार घेत. अखेर निर्णय झाला तो असा की, दोन्ही रीती मान्य असाव्यात. ज्या धर्मगुरूचे मन बालकाच्या बाप्तिस्म्यास तयार नसेल, त्याच्यावर सक्ती नसावी, ते कार्य दुसऱ्याने करावे. वादात कोणी जिंकले नाही, म्हणूनच कोणी हरलेही नाही.

अर्थात सर्वच सुरळीत झाले असे नव्हे. बोलण्यांत सहभागी असलेला एक मोठा मेथॉडिस्ट संघ ऐन वेळी बाहेर राहिला. गुजरातेतील ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने न्यासाची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, असे २०१३ मध्ये न्यायालयाने ठरविले. ठरावाने संस्था एक होतात. मने एक होण्यास निराळे श्रम लागतात.

ते श्रम कोणते, हे ख्रिस्ती धर्मग्रंथातच सांगितले आहे. बंधूने अपराध केला तर प्रथम एकांतात त्याची भेट घ्यावी. न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे. त्यानेही न भागले तरच गोष्ट मंडळीपुढे मांडावी. आमच्याकडे बहुधा हा क्रम उलटा चालतो. पालखीचा मान असो, देवस्थानचे विश्वस्तपद असो की उत्सवाची वर्गणी असो, प्रथम गावभर बोभाटा, मग वकील. आणि एकांतातील भेट? ती राहूनच जाते. देवापुढे एकाच ओळीत टाळ वाजविणारे दोघे न्यायालयाच्या दारी परस्परांकडे पाठ करून उभे राहतात, याहून खेदाची गोष्ट ती कोणती?

कोणी म्हणेल, अशाने तत्त्वास मुरड पडते. आम्हांस तसे वाटत नाही. ऐक्याच्या नावाखाली अन्याय झाकावा किंवा हिशेब मागू नये, असे आमचे म्हणणे नाहीच. अन्यायाची दाद अवश्य मागावी. परंतु बहुतेक भांडणांत तत्त्व थोडे आणि अहंता फार असते. नाथांची मराठीवरील निष्ठा कधी ढळली नाही. पण त्या निष्ठेपायी त्यांनी पुत्रासही अंतर दिले नाही.

अष्टमीस पैठणास काला होईल. काल्यात प्रत्येकाची शिदोरी निराळी असते आणि कोणाची शिदोरी परत पाठविली जात नाही. तो प्रसाद हाती घेण्यापूर्वी, ज्याच्याशी आपला अबोला आहे त्याच्या दारी एकदा जाऊन यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे. नाथ तर पुत्रासाठी काशीपर्यंत चालत गेले होते; आपणांस बहुधा शेजारच्या आळीपर्यंतच जावयाचे आहे.