चूक मान्य, मग खटला कशाचा? 'जबाबदार कोण' आणि 'भरपाई किती' हे प्रश्न वेगळे का सोडवतात?

नोव्हेंबर २०२५ मध्ये शिकागोच्या फेडरल न्यायालयात एका ज्यूरीने बोइंग कंपनीला २ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त, म्हणजे सुमारे २५० कोटी रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं. ही भरपाई होती इथिओपियन एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेलेल्या एका भारतीय महिलेच्या कुटुंबासाठी. १० मार्च २०१९ ला अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेलं बोइंग ७३७ मॅक्स विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच कोसळलं होतं. विमानातले सगळे १५७ जण मरण पावले.

बातमी वाचून वाटेल की ज्यूरीने बोइंगला दोषी ठरवलं. प्रत्यक्षात ज्यूरीला तो प्रश्न विचारलाच नव्हता. बोइंगने आपली जबाबदारी चार वर्षं आधी, नोव्हेंबर २०२१ मध्येच न्यायालयात मान्य केली होती. ज्यूरीला फक्त एवढंच ठरवायचं होतं, की या कुटुंबाचं नुकसान किती पैशांत मोजायचं.

एकाच अपघाताचे असे दोन तुकडे का करतात? आणि त्यात फायदा नेमका कोणाचा?

एक अपघात, दोन प्रश्न

समजा, तुम्ही सिग्नलला स्कूटरवर थांबला आहात आणि मागून टेम्पो येऊन धडकला. तुमचा पाय मोडला. आता भरपाईसाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील.

पहिली, चूक कोणाची? इथे सीसीटीव्ही फुटेज, पोलिसांचा पंचनामा आणि रस्त्यावरचे साक्षीदार लागतात.

दुसरी, नुकसान किती? इथे हॉस्पिटलची बिलं, पगाराची स्लिप, डॉक्टरांचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. शिवाय सोसलेल्या वेदनांचाही विचार होतो.

दोन्हीकडचे पुरावे आणि साक्षीदार जवळपास पूर्ण वेगळे आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या फेडरल दिवाणी प्रक्रियेतला नियम ४२ (बी) न्यायाधीशांना हे मुद्दे वेगवेगळे चालवायची मुभा देतो. त्यासाठी तीन कारणं चालतात: सोय, पूर्वग्रह टाळणं आणि वेळ-खर्चाची बचत. पहिल्याच टप्प्यात 'यांची चूक नाही' असं ठरलं, तर दुसऱ्या टप्प्याची गरजच उरत नाही. 'चूक यांचीच' असं ठरलं, तर बऱ्याचदा रकमेवर तडजोड होते.

जखमी माणसालाही याचा फायदा होऊ शकतो. बाळंतपणातल्या चुकीमुळे बाळाच्या मेंदूला इजा झाली, तर त्याला आयुष्यभर किती मदत लागेल हे कळायला कित्येक वर्षं जातात. अशा दाव्यांत इंग्लंडची न्यायालयं आधी जबाबदारी ठरवू शकतात आणि अंतिम आकडा ठरेपर्यंत अंतरिम रक्कम देऊ शकतात. म्हणजे उपचारासाठी निकालाची वाट बघत बसावं लागत नाही.

कोर्टात न आलेली मुलं

पण या पद्धतीची दुसरी बाजूही आहे. गरोदरपणातल्या उलट्यांवर अमेरिकेत 'बेंडेक्टिन' नावाची गोळी मिळायची. या गोळीमुळे मुलं व्यंग घेऊन जन्मली, असा आरोप करत शेकडो कुटुंबं न्यायालयात गेली. १९८५ मध्ये सिनसिनाटीच्या न्यायालयाने आठशेहून जास्त दावे एकत्र केले आणि आधी एकाच मुद्द्यावर सुनावणी घेतली: या गोळीने व्यंग येतं का?

व्यंग डोळ्यांना दिसेल अशा मुलांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना त्या सुनावणीत कोर्टरूममध्ये बसू दिलं नाही. त्यांना बघून ज्यूरीचं मन द्रवेल आणि शास्त्रीय पुरावा मागे पडेल, ही त्यामागची भीती. ज्यूरीने 'नाही' असं उत्तर दिलं आणि सगळे दावे एका फटक्यात निकाली निघाले. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने ही पद्धत योग्य ठरवली.

पुढच्या संशोधनातही या गोळीचा आणि व्यंगाचा संबंध सिद्ध झाला नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच दोन घटकांच्या गोळीला पुन्हा मंजुरी दिली. भारतातही डॉक्टर हे मिश्रण देतात. म्हणजे शास्त्राच्या बाजूने निकाल टिकला. तरीही एक प्रश्न उरतोच: ज्यांच्यासाठी खटला होता, तीच माणसं कोर्टात दिसली नाहीत, तर त्यांना आपलं म्हणणं ऐकलं गेलं असं वाटेल का?

बोइंगने काय दिलं, काय मिळवलं?

बोइंगच्या प्रकरणात जबाबदारीचा टप्पा झालाच नाही, कारण कंपनीने तो करारात मान्य केला. विमान असुरक्षित होतं आणि दोष वैमानिकांचा किंवा सुटे भाग पुरवणाऱ्यांचा नाही, हे तिने कबूल केलं. बदल्यात कुटुंबांनी 'दंडात्मक भरपाई'वरचा हक्क सोडला. झालेलं नुकसान भरून देण्यापलीकडे, कंपनीला अद्दल घडावी म्हणून लावतात ती ही रक्कम.

कुटुंबांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. बलाढ्य कंपनीविरुद्ध विमानाच्या सॉफ्टवेअरमधला दोष सिद्ध करत बसायचं म्हणजे कित्येक वर्षं आणि अफाट खर्च. तो वाचला.

पण चूक मान्य झाली की ती कशी घडली याचा पुरावा मांडायची गरजच राहत नाही. विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी 'एमकॅस' यंत्रणा एकाच सेन्सरवर का विसंबून होती? ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं असंच विमान कोसळून १८९ जण गेले, त्यानंतरही ही विमानं का उडत राहिली? अमेरिकी संसदेच्या समितीने २०२० च्या अहवालात यावर बरंच लिहिलं. शिकागोच्या ज्यूरीपुढे मात्र हे प्रश्न नव्हते. त्याच महिन्यात टेक्सासच्या न्यायाधीशांनी अमेरिकी सरकारच्याच विनंतीवरून कंपनीवरचा फौजदारी खटलाही रद्द केला.

भरपाईचा टप्पाही सरळ नव्हता. मृत्यू जमिनीवर आदळताना क्षणात आला, त्यामुळे प्रवाशांच्या वेदनांचा मुद्दा येत नाही, असा बोइंगचा युक्तिवाद होता. शेवटच्या मिनिटांत त्यांनी काय सोसलं हे ज्यूरी ऐकू शकते, असं न्यायाधीशांनी २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे 'चूक मान्य' म्हटल्यावरही एकेका वेदनेचा हिशेब कोर्टात मांडावा लागलाच.

भारतात काय होतं?

आपल्याकडे दिवाणी दाव्यात ज्यूरी नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १४ नुसार न्यायाधीशांनी शक्यतो सगळ्या मुद्द्यांवर एकत्रच निकाल द्यायचा असतो. त्यामुळे खटल्याचे असे तुकडे सहसा होत नाहीत.

रस्ते अपघातात मात्र कायद्यानेच दोन रस्ते ठेवले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, तेही चूक सिद्ध न करता. कलम १६६ खाली मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलात, तर चूक सिद्ध करावी लागते, पण भरपाई प्रत्यक्ष नुकसानानुसार ठरते. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की ठरलेल्या प्रक्रियेतून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, तर १६६ चा दावा संपतो. ही माहिती हाताशी नसेल, तर घाईत केलेली एक सही महागात पडू शकते.

भोपाळ: आकडा ठरला, जबाबदारी नाही

जबाबदारी न ठरवता आधी आकडा ठरला तर काय होतं, हे भोपाळने दाखवलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. वायुगळतीची दिवाणी जबाबदारी युनियन कार्बाइडवर येते का, याचा पूर्ण खटला कधी चाललाच नाही. पुढे बळी आणि जखमी यांचा आकडा अंदाजापेक्षा मोठा निघाल्याचं सांगत केंद्र सरकारने आणखी सुमारे ७,८४४ कोटी रुपये मागितले. मार्च २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती मागणी फेटाळली. झालेली तडजोड पुन्हा उघडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे आत्ता का समजून घ्यायचं?

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान कोसळून २६० जण गेले. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो. त्यानुसार दर प्रवाशामागे १,५१,८८० एसडीआरपर्यंत, म्हणजे साधारण १.८ कोटी रुपयांपर्यंतच्या सिद्ध झालेल्या नुकसानाची जबाबदारी विमान कंपनीला 'आमची चूक नव्हती' म्हणून टाळता येत नाही. तिथे वाद फक्त नुकसान किती याचा. त्यावरच्या रकमेसाठी मात्र आपला निष्काळजीपणा नव्हता, असा बचाव कंपनी करू शकते. शिवाय जमिनीवर गेलेले लोक प्रवासी नव्हते, त्यामुळे हा करार त्यांच्या कुटुंबांना लागूच होत नाही.

म्हणून 'इतक्या कोटींची भरपाई' अशी बातमी फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. जबाबदारी कोर्टाने ठरवली, की कंपनीने मान्य केली, की तो प्रश्न बाजूलाच ठेवला? रकमेच्या बदल्यात कुटुंबांनी कोणता हक्क सोडला? आणि चूक का झाली याचं उत्तर शपथेवर कोणी दिलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर पैसे मिळूनही ती कुटुंबं का लढत राहतात, ते लक्षात येईल.