भरती झाली, आता धावून काय भेटते?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या चिखली रोडवर पहाटे साडेचारला पोरापोरींची गर्दी होते. मैदानी चाचणी आटोपली की आठ दिवसांत रस्ता रिकामा. लागले ते ट्रेनिंगला गेले, राहिले ते घरी बसले. वीस वर्षांपासून हेच बघतोय. धावणं म्हणजे भरतीच्या फॉर्मला जोडायचं एक कागदपत्र झालंय राव!

मुलांनी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं की 20 पैकी 20 मार्क. मुलींना 800 मीटर. अकॅडमीवाले तेवढंच घोटून घेतात. त्यांचं चुकतं असंही नाही, पोरगा फी कशासाठी भरतो ते उघड आहे. पण उंची 165 सेंटीमीटर पाहिजे. 164 भरली की पोरगा बाद, नंतर त्याला कोणी विचारत नाही. अरे, लांब पल्ल्याला तर बुटका, हलका माणूस जगभर पुढे असतो! 10000 मीटरला घडला असता असा पोरगा आज टपरीवर बसलेला दिसतो.

अविनाश साबळेचं नाव सगळेच घेतात. बीडच्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, आणि 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची फायनल. पण तो 5 महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर क्रॉस कंट्रीच्या टीममध्ये आला, म्हणजे त्याचं खरं धावणं भरतीनंतर सुरू झालं. नाशिकला विजेंदर सिंग हे कोच वर्षानुवर्षं टिकून राहिले, म्हणून सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या कॉमनवेल्थमध्ये 10000 मीटरचं ब्राँझ घेऊन आली, अन् तिच्यामागून संजीवनी जाधव आली. एकीला धावताना दुसरीने रोज बघावं लागतं.

आपल्याकडे काय, तर वाढदिवसाची मॅरेथॉन! पाच किलोमीटरला मॅरेथॉन म्हणायचं (खरी 42.195 ची असते, साहेब), टी-शर्टवर नेत्याचा फोटो, पोरं उन्हात बसलेली अन् भाषण संपता संपत नाही. निवडणूक गेली की स्पर्धाही गेली. त्या मंडपाच्या खर्चात एखाद्या क्लबचं अख्खं वर्ष निघेल.

क्लबला लागतं तरी काय? एक स्टॉपवॉच, एक वही, ठरलेला वार आणि न कंटाळणारी चार माणसं. महिन्यातून एकदा टायमिंग घ्यायचं अन् वहीत लिहायचं. वर्षातून एकदा घाटावरचे विरुद्ध घाटाखालचे अशी शर्यत लावायची, मग बघा ईर्ष्या कशी पेटते! लग्न झालेल्या पोरी, चाळिशीतले मास्तर, रिटायर कंडक्टर, सगळे त्यात पाहिजेत. मास्टर्स स्पर्धांत 35 नंतर दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, सत्तरीतला माणूसही तिथे मेडलसाठी जीव काढतो. आपल्याकडे पोरगी सासरी गेली की तिचे बूट धाकट्या भावाला.

दुसऱ्यांना काय बोलू, मीही बाद झाल्यावर बूट माळ्यावर फेकले होते. पंधरा वर्षांनी बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा खाली काढले, तर तळ सुटून हातात आला.

रविवारी पहाटे साडेपाचला क्रीडा संकुलाच्या गेटवर वही घेऊन उभा आहे. फी नाही, टी-शर्ट नाही, फोटो नाही. 164 वाल्यांनी आधी यावं.